तिचा अभिप्राय खोडू नका

'ताई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी सहावीत आहे, मराठी शाळेत. वाचते भरपूर, पण फक्त साहसकथा आणि रहस्यकथा. फास्टर फेणेची पुस्तकं वाचून वाचून दोन पुस्तकांचे पुठ्ठे सुटलेत. मामाने एनिड ब्लायटनचे इंग्रजी "फेमस फाइव्ह" आणून दिले, तेही शब्दकोश मांडीवर घेऊन वाचून काढले. शाळेत "माझे वाचन" नावाची वही असते, तीत वाचलेल्या पुस्तकाबद्दल अभिप्राय लिहायचा असतो. शाळेतून मिळालेल्या एका बोधकथांच्या पुस्तकावर तिने लिहिलं, "या पुस्तकातली मुलं खरी वाटत नाहीत. कोण सुधारणार ते पहिल्या पानावरच कळतं. मला कंटाळा आला." त्याआधी "फेमस फाइव्ह"बद्दल लिहिलं होतं, "खूप आवडलं, पण दर वेळी अ‍ॅननेच का भांडी घासायची?" बाईंनी दोन्हींखाली लाल शाईने शेरा मारला, "पुस्तकातून काय बोध घेतला ते लिहा. पुन्हा लिहून आणणे." ती रडली. आता म्हणते, मी काही लिहिणारच नाही. माझे सासरे 74 वर्षांचे आहेत. त्यांचं म्हणणं, ही चोर-पोलिसांची पुस्तकं बंद करा, थोरामोठ्यांची चरित्रं द्या. मी स्वतः पुस्तक घेण्याआधी मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचते, तर एकाच पुस्तकाला कुणी पाच तारे देतं, कुणी म्हणतं आजच्या मुलांना हे झेपणार नाही. मी कुणाचं ऐकू? आणि वहीचं काय करू? — एक आई, कराड'

सप्रेम नमस्कार.

आधी वहीचं बघू, कारण ती परत द्यायची वेळ जवळ आली असणार. तिने लिहिलंय ते खोडायला लावू नका. व्हाइटनर नको, पान फाडणं तर नकोच. खाली एक ओळ सोडून बाईंच्या प्रश्नाचं उत्तर तिला वेगळं लिहू द्या. पुस्तक कसं वाटलं हा एक प्रश्न आणि पुस्तकातून काय घेतलं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तिने दिलंय, दुसऱ्याचं द्यायचं राहिलंय. 'बोध' म्हणजे 'नेहमी खरे बोलावे' असलंच काहीतरी लिहावं लागतं अशी तिची समजूत असेल, तर तिला सांगा, वाचण्याआधी ठाऊक नव्हतं आणि आता ठाऊक झालं ते लिही. 'फेमस फाइव्ह'च्या पहिल्याच गोष्टीत बेट आहे, बुडालेलं जहाज आहे, खडकांमधून होडी वल्हवत नेणं आहे. कृष्णा-कोयनेच्या काठी वाढणाऱ्या मुलीला समुद्रातल्या बेटाला होडी कशी लावतात हे त्या पुस्तकातून कळलं असेल, तर तिने तेच लिहावं. बाईंनाही ते वाचायला आवडेल.

आणि रडण्याबद्दल. तिला वाटतंय की आपण चुकीचं लिहिलं. ते चुकीचं नव्हतं हे तिला तुमच्या तोंडून ऐकायला मिळायला हवं, आणि आजच. शाळेच्या वहीतला एक शेरा दोन दिवसांत विसरला जातो, पण 'मला खरं काय वाटलं ते लिहायचं नसतं' ही समजूत एकदा बसली की निघता निघत नाही. दहावीच्या निबंधात एकाच साच्याची वाक्यं लिहिणारी मुलं अशीच तयार होतात.

आता तिची तीन वाक्यं पुन्हा एकदा वाचा. मुलं खरी वाटत नाहीत, हे झालं पात्रांबद्दल. कोण सुधारणार ते आधीच कळतं, हे कथानकाबद्दल. मला कंटाळा आला, हे वाचणाऱ्याबद्दल. अकरा वर्षांच्या मुलीने कुणीही न शिकवता एका परिच्छेदात पुस्तकाला तिन्ही बाजूंनी तपासलंय. मोठ्यांनी लिहिलेली पुस्तक परीक्षणं मी आयुष्यभर वाचत आले आहे. त्यांतल्या कित्येकांत लेखकाचा परिचय, मुखपृष्ठाचं कौतुक आणि 'संग्रही ठेवावे असे पुस्तक' यापलीकडे काही नसतं.

अ‍ॅनच्या भांड्यांचा प्रश्न तर मला फारच आवडला. ही एकवीस पुस्तकं 1942 ते 1963 या काळात आली. त्यांत जॉर्जिना स्वतःला 'जॉर्ज' म्हणवून घेते, केस आखूड ठेवते, मुलांच्या बरोबरीने होडी वल्हवते आणि कुणाचं ऐकत नाही. अ‍ॅन मात्र गुहेत मुक्काम पडला तरी तिथे फळी लावून डबे मांडणार आणि सगळ्यांचं खाणं झालं की आवरत बसणार. इंग्लंडमधले मोठे वाचक यावर कितीतरी वर्षं वाद घालत आलेत. तुमच्या लेकीला त्या वादाचा पत्ताही नाही आणि तिने बरोबर तिथेच बोट ठेवलं. शिवाय 'खूप आवडलं' हे आधी लिहून मग विचारलं. एखादं पुस्तक जिवापाड आवडतं आणि तरीही त्यातलं काहीतरी खटकतं, या दोन्ही खऱ्या गोष्टी एकाच वेळी सांभाळणं भल्याभल्यांना जमत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की कुणाचं ऐकू या तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरातच आहे. लहान मुलांच्या पुस्तकांबद्दल लहान वाचकाचा अभिप्राय सगळ्यांत वजनदार मानायचा, फक्त त्याला थोडी धार लावून द्यायची. ते काम तुमचं.

मी बरीच वर्षं एका वाचनालयाच्या बालविभागात देवघेवीच्या टेबलावर बसले आहे. पुस्तक परत करताना मुलं जे बोलतात ते दोनच शब्दांत असतं, 'भारी' किंवा 'बोअर'. यावर 'का?' असं विचारलं की मूल गप्प होतं. 'का' हा परीक्षेतला प्रश्न वाटतो त्यांना. 'कुठे?' असं विचारलं की तेच मूल पुस्तक हिसकावून घेतं, पानं उलटतं आणि दाखवतं: इथे! इथे तो विहिरीत उतरतो ना, दोर कापलेला असतो ना, तिथे! कंटाळा आलेलंही मूल बोट ठेवून सांगतं की इथपासून इथपर्यंत नुसते आजोबाच बोलताहेत. 'कुठे' विचारलं की अभिप्रायाला पान क्रमांक मिळतो, आणि पान क्रमांक असलेला अभिप्राय कुणालाही सहज झटकून टाकता येत नाही. बाईंनासुद्धा.

त्या टेबलावरची आणखी एक गंमत सांगते. रहस्यकथेच्या पहिल्या पानावर पेन्सिलने गुन्हेगाराचं नाव लिहून ठेवणारा एक तरी दुष्ट वाचक प्रत्येक वाचनालयात असतो. आमच्याकडे एका पुस्तकात असं नाव लिहिलेलं होतं आणि त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'फसू नका, हा नाही.' त्याच्याखाली तिसऱ्या अक्षरात, 'पण ह्याला सगळं माहीत असतं.' तीन मुलं, एकमेकांना कधी भेटली नसतील, आणि पुस्तकाच्या पानावर त्यांची चर्चा चालली होती. नियमाप्रमाणे मी ते खोडायला हवं होतं. मी खोडलं नाही. त्या एका प्रतीला पुढे कायम मागणी राहिली.

रहस्यकथेबद्दल सासऱ्यांना जी काळजी वाटते, तिच्याकडे मी आता वळते, कारण मला रहस्यकथेची बाजू मनापासून मांडायची आहे. बाकी कुठल्याही पुस्तकाबद्दल मूल 'आवडलं, नाही आवडलं' इतकंच म्हणू शकतं. रहस्यकथेबद्दलचं मत मात्र तपासून बघता येतं. चांगल्या रहस्यकथेत लेखकावर एक बंधन असतं: जे पुरावे गुप्तहेराला दिसतात ते वाचकालाही दिसले पाहिजेत. शेवटच्या पानावर अचानक कुणी परगावचा जुळा भाऊ उगवला आणि त्याने चोरी केली होती असं निघालं, तर तो लबाडीचा खेळ झाला, आणि मुलांना अशी लबाडी बरोबर कळते.

पुरावा कसा लपवतात ते बघा. समजा लेखक लिहितो: 'खोलीत सगळं जागच्या जागी होतं. टेबलावर चष्मा, अर्धा कप चहा, विझलेली उदबत्ती, दाराशी टेकवलेली ओली छत्री आणि खुंटीला आजोबांचा कोट.' मूल हे वाक्य भरकन वाचून पुढे जातं, कारण यादी कंटाळवाणी असते. लेखकाने ती मुद्दामच तशी केलेली असते. पण दोनच पानं मागे त्याने सांगितलेलं असतं की सकाळपासून पावसाचा थेंब नाही. मग छत्री ओली कशी? कुणीतरी ती नळाखाली धरली असणार. कशासाठी? आपण बाहेरगावी पावसात अडकलो होतो असं दाखवायला. पुस्तक संपल्यावर मूल मागे जाऊन ती छत्री शोधतं आणि स्वतःवर चरफडतं, अरे, इथे तर होती! त्यानंतर ते मूल कुठलीही यादी भरकन वाचत नाही. पुढे वर्तमानपत्रातली बातमी असो, औषधाच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं असोत की भाडेकरार असो, ते सावकाश वाचतं.

घरी करून बघण्यासारखं म्हणून सांगते. पुढचं रहस्याचं पुस्तक ती घेईल तेव्हा दोन तृतीयांश पानांवर कागदाची खूण घाला. तिथे पोचली की थांबायचं आणि एका चिठ्ठीवर लिहायचं: माझा संशय कुणावर, आणि कुठल्या पानावरून. चिठ्ठी तुमच्याजवळ ठेवा, उघडू नका. पुस्तक संपल्यावर दोघींनी मिळून वाचा. अंदाज बरोबर आला तर उत्तमच. चुकला, तर लेखकाने फसवलं की मीच पुरावा हुकवला, याचा निवाडा तिने करायचा. तुम्हीही ते पुस्तक वाचलंत तर तुमचीही चिठ्ठी ठेवा. तुम्ही हरण्याची शक्यता बरीच आहे, मुलं यात फार तरबेज असतात. हा निवाडा तिने वहीत उतरवला की तो अभिप्राय होतो, आणि 'काय बोध घेतला' याचं उत्तरही त्यातच येतं.

साहसकथेचं गणित थोडं निराळं. तिथे मी मुलांना विचारायचे, नायकाला काय मोजावं लागलं? भूक, भीती, मार, एखादी मैत्री? काहीच मोजावं न लागता जो प्रत्येक वेळी जिंकतो त्याचा मुलांना तिसऱ्या पुस्तकापर्यंत कंटाळा येतो. फुरसुंगीच्या बनेश फेणेचा येत नाही, कारण तो काटकुळा आहे, अडचणीत सापडतो, आणि सुटतो तो डोक्याने आणि पायांतल्या वेगाने. भा. रा. भागवतांनी त्याला नुसतं पुण्यात ठेवलं नाही. तो काश्मीरला जातो, प्रतापगडावर जातो, चीनच्या युद्धाच्या वेळी थेट नेफाच्या सरहद्दीवर पोचतो. नकाशा काढून बसण्याची ही नामी संधी आहे. नेफा म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश, हे ज्या मुलाला फेणेमुळे कळलं ते पुन्हा विसरणार नाही.

आता मोबाइलवरच्या अभिप्रायांकडे येऊ. मी तेही वाचते, आणि वाचावेत असंच म्हणेन, पण डोळे उघडे ठेवून. कमी तारे दिसले की आधी मजकूर वाचा. निम्म्या तक्रारी पुस्तकाच्या नसतातच: पुडकं उशिरा आलं, कोपरा दुमडलेला होता, छपाई फिकट होती. जास्त तारे दिसले तरी वाचा. मुलांच्या जुन्या पुस्तकांना पाच तारे देणारा बहुतेक वेळा चाळिशी-पन्नाशीचा माणूस असतो आणि तो लिहितो, 'बालपण आठवलं, डोळ्यांत पाणी आलं.' त्याच्या भावना खऱ्या आहेत, मला त्यांचा आदर आहे. उन्हाळ्याची सुट्टी, आजोळची माडी, हातात किशोरचा अंक हे सगळं त्याला त्या पुस्तकात सापडतं. पण तुमच्या मुलीच्या वाट्याला ती माडी येणार नाही, फक्त पुस्तक येणार आहे. तेव्हा त्या अभिप्रायातून तिच्यासाठी काही हाती लागत नाही. 'मुलांवर उत्तम संस्कार करणारे पुस्तक' असं लिहिणाऱ्याने ते कुठल्याही मुलाच्या हातात देऊन पाहिलेलं नसतं असा माझा अनुभव आहे. मी शोधते तो अभिप्राय असा असतो: 'माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला सुरुवातीला वाचून दाखवावं लागलं, तिसऱ्या प्रकरणापासून त्याने स्वतः घेतलं, भुयाराच्या प्रसंगाला घाबरला पण पुस्तक सोडलं नाही.' यात वय आहे, जागा आहे, मूल आहे. असा एक अभिप्राय मिळाला की बाकीचे वाचत बसायची गरज नाही.

'भाषा जुनी आहे, आजच्या मुलांना झेपणार नाही' हे वाक्य मात्र मला पटत नाही. यावर एक प्रत्यक्षात घडलेली गोष्ट सांगते. 2010 साली 'फेमस फाइव्ह'च्या इंग्लंडमधल्या प्रकाशकांनी हाच विचार करून त्या पुस्तकांतली भाषा बदलली. जुने शब्द काढून आजचे घातले, आईवडिलांना मारायच्या हाकासुद्धा नव्या वळणाच्या केल्या. वाचकांना ते रुचलं नाही, आणि 2016 मध्ये प्रकाशकांनीच तो बदल चालला नाही असं मान्य करून जुनी भाषा परत आणली. मुलांना जुना शब्द अडत नाही. संदर्भावरून त्या शब्दाचा अंदाज घेत ती पुढे जातात. ट्रंक कॉल, तार, आणे, कंदील हे शब्द तुमच्या मुलीला अडले असते तर फेणेचे पुठ्ठे सुटले नसते.

जुन्या पुस्तकांत खरोखर खटकायला हवं ते वेगळंच असतं आणि त्याबद्दल अभिप्रायांत कुणी फारसं लिहीत नाही. चोर बहुधा काळा आणि राकट. जाड मुलगा असला की तो खादाड आणि भित्रा, हसण्यासाठी ठेवलेला. जंगलातली माणसं 'रानटी'. भटक्या जमातीतला माणूस दिसला की आधी संशय त्याच्यावर. इंग्रजी साहसकथांत हे सर्रास आहे, आपल्याकडच्याही पुष्कळ पुस्तकांत आहे. म्हणून ती पुस्तकं तिच्यापासून लपवा असं मी म्हणणार नाही. जिला अ‍ॅनची भांडी दिसली तिला हेही दिसेल. दिसलं नाही तर तुम्ही हळूच विचारा, 'या गोष्टीत चोर दिसायला कसा आहे? मागच्या पुस्तकातला कसा होता?' एवढं पुरतं. पुढचं ती बोलेल.

सासऱ्यांच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना विचारा. त्यांचं वय 74, म्हणजे त्यांच्या पोरवयात बाबूराव अर्नाळकरांचा अंमल जोरात होता. धनंजय, झुंजार, काळापहाड ही त्यांच्या नायकांची नावं घरोघरी माहीत होती. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि त्या काळची पोरं अभ्यासाच्या पुस्तकात लपवून त्या वाचायची. सासऱ्यांना सहज म्हणा, 'काळापहाड कोण होता हो? हिला सांगा ना.' मला वाटतं संध्याकाळ छान जाईल. आजोबा आणि नात यांना एकमेकांना सांगण्यासारखं काहीतरी मिळेल, आणि चोर-पोलिस वाचून माणूस वाया जात नाही याचा दाखला तर समोरच बसलेला असेल.

त्यांच्या काळजीत तथ्य आहे तेही सांगते. अर्नाळकर काय, गुरुनाथ नाईक काय, सुहास शिरवळकरांच्या सुरुवातीच्या रहस्यकथा काय, त्या मोठ्यांसाठी लिहिलेल्या आहेत. खून, मारामाऱ्या, बायकांवरचे प्रसंग त्यांत येतात. अकरा वर्षांच्या मुलीला त्या आत्ताच देऊ नयेत. तिच्या वयाला चोरी, हरवलेली वस्तू, गुप्त नकाशा, बनावट नोटा, अपहरणाचा फसलेला डाव एवढं रहस्य पुष्कळ आहे. आणि एखादी गोष्ट वाचून रात्री भीती वाटली तर पुस्तक काढून घेऊ नका, शेवटचं प्रकरण तिच्याबरोबर बसून वाचा. अर्धवट सोडलेलं रहस्य जास्त घाबरवतं, उलगडलेलं नाही.

चरित्रं द्यावीत का? द्या की. फक्त शिक्षा म्हणून देऊ नका. फेणे काढून घेऊन त्याच्या जागी चरित्र ठेवलंत तर तिला त्या थोर माणसाचाच राग येईल, आणि त्यात त्याचा काही दोष नसेल.

यापुढे काय वाचायला द्यावं असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मला राहवत नाही. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आहेत, रोहन प्रकाशनाने काढल्या आहेत. तुमच्या मुलीसाठी यापेक्षा चांगली भेट मला सुचत नाही. फेलूदा डोकं वापरतो, हाणामारी कमी करतो. त्याच्याबरोबर लालमोहन गांगुली नावाचे एक लेखक फिरतात. 'जटायू' या नावाने ते भरमसाट खपणाऱ्या साहसकथा लिहितात आणि त्यांच्या पुस्तकांतल्या माहितीच्या चुका फेलूदा त्यांना तोंडावर दाखवून देतो. चुका शोधणाऱ्या मुलीला यात किती मजा येईल बघा. 'नयन रहस्य' या कथेची सुरुवातच अशी आहे, की फेलूदा खट्टू होऊन बसलाय, कारण वाचकांची पत्रं आली आहेत: तुमच्या गोष्टी आता पूर्वीसारख्या रंगत नाहीत. राय यांनी वाचकांच्या तक्रारीला थेट कथेत जागा दिली. तुमच्या मुलीला हे पान नक्की दाखवा. नापसंती कळवणारे वाचक आपल्याआधीही होते आणि एवढ्या मोठ्या लेखकाने त्यांची दखल घेतली, हे तिला बाईंच्या शेऱ्यानंतर कळायलाच हवं.

भागवतांनीच मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, विशेषतः 'चंद्रावर स्वारी', वाचनालयात मिळाला तर घ्या. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे तिने वाचला नसेल तर तोही. पैसे खर्च न करता भरपूर हवं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर 'किशोर'चे 1971 पासूनचे जुने अंक मोफत वाचायला मिळतात. त्यांत तिने स्वतः गोष्टी शोधाव्यात, तुम्ही निवडून देऊ नका. आणि दोनेक वर्षांनी, आत्ता नाही, जिम कॉर्बेटच्या शिकारकथांचा मराठी अनुवाद द्या. त्या खऱ्या घटना आहेत. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीने 436 माणसं मारली होती असं कॉर्बेटने नोंदवलंय आणि 1907 साली त्याने तिला मारलं. पण तुमच्या मुलीला बंदुकीपेक्षा कॉर्बेटचं बघणं आवडेल. मातीतला पंजाचा ठसा, वाकलेलं गवत, अचानक ओरडलेलं वानर, यांवरून वाघीण कुठे आहे, जखमी आहे की भुकेली, हे तो सांगतो. ओली छत्री शोधण्याचंच काम ते, फक्त जंगलात आणि जिवावर बेतणारं. रहस्यकथेतून निसर्गाच्या पुस्तकांकडे जाणारी ही वाट मी कितीतरी मुलांना धरताना पाहिली आहे.

आता राहिल्या बाई. त्यांच्याबद्दल मनात अढी धरू नका. वर्गात पन्नास-साठ मुलं असतात, त्यांतली पुष्कळशी कुठून तरी उतरवून आणलेला मजकूर वहीत लिहितात, आणि बोध विचारला की निदान पुस्तकाचं शेवटचं पान तरी उघडलं जाईल अशी बाईंची आशा असते. पालकसभेच्या गर्दीत हा विषय काढू नका. शाळा सुटल्यावर पाच मिनिटं मागून घ्या आणि वही घेऊन जा. तक्रार म्हणून बोलू नका. 'तिने तुमच्या प्रश्नाचं उत्तर खाली लिहिलंय, वरचं मी तसंच ठेवायला सांगितलं, कारण ते तिने स्वतः विचार करून लिहिलंय,' एवढं म्हणा आणि अ‍ॅनबद्दलचं वाक्य त्यांना दाखवा. मुलांत रमणारी कुठलीही शिक्षिका ते वाक्य वाचून थांबेल अशी मला खात्री वाटते.

मग जमलं तर एक विनंती करा. वर्गातल्या पुस्तकांच्या कपाटाला दोरीने एक वही बांधून ठेवायची. तीत मुलांनी मुलांसाठी लिहायचं: पुस्तकाचं नाव, कुठलं पान भारी, कुठलं बोअर, आणि कुणी वाचावं. गुण नाहीत, लाल शाई नाही, शुद्धलेखन तपासायचं नाही. आवडलं नाही तर तसं लिहायची मोकळीक, पण पान क्रमांक देऊन. रहस्यकथा असेल तर गुन्हेगाराचं नाव लिहायचं नाही. पहिला अभिप्राय तुमच्या मुलीने लिहावा, बोधकथांच्या त्याच पुस्तकावर. बाई तयार झाल्या नाहीत तर हीच वही तुमच्या गल्लीतल्या मुलांसाठी घरी सुरू करा आणि आजोबांनाही त्यात काळापहाडवर चार ओळी लिहायला सांगा.